पीसी आणि कन्सोल, दोन्हींसाठी एकच मॉनिटर: वीस हजारांच्या आसपास काय घ्यावं?

टेबल एकच, त्यावर पीसी, शेजारी पीएस ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एस, आणि मॉनिटरसाठी बाजूला काढलेले पंधरा ते वीस हजार रुपये. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती हर्ट्झचा दाखवू?" म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो. मग १६५चा घ्यावा की १८०चा, यावरच अर्धा तास जातो. पीसीपुरतं ते ठीक आहे. पण कन्सोल १२०च्या पुढे जातच नाही. १८० हर्ट्झच्या मॉनिटरला जोडला तरी पीएस ५ असो वा एक्सबॉक्स, जास्तीत जास्त १२० वरच चालणार. म्हणून दोन्ही वापरणाऱ्याने आधी मॉनिटर फिरवून त्याची मागची बाजू बघावी: एचडीएमआय पोर्ट किती आहेत, कुठल्या आवृत्तीचे आहेत आणि त्यांतून कुठलं रिझोल्यूशन, म्हणजे किती पिक्सेलचं चित्र, किती हर्ट्झला जातं. बाकीचं सगळं त्यानंतर.

माझं मत आधीच सांगतो. दोन्ही यंत्रं नियमित वापरत असाल आणि पीसीत बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असेल, तर सत्तावीस इंची, १४४०पी (म्हणजे उभ्या बाजूला १४४० पिक्सेल), आयपीएस (हा पॅनलचा एक प्रकार) मॉनिटर घ्या. मात्र कार्ड जुनं असेल, कन्सोल पीएस ४ असेल किंवा खेळ एकच एक असेल, तर हे उत्तर बदलतं. ते कसं, ते पुढे.

समोर कोणकोण आहे

या पैशांत मुख्यतः चार प्रकारचे मॉनिटर मिळतात. चोवीस इंची १०८०पी, १४४ ते १८० हर्ट्झ, आयपीएस: साधारण नऊ-दहा हजारांपासून बारापर्यंत. सत्तावीस इंची १४४०पी, १६५ ते १८० हर्ट्झ, आयपीएस: पंधरा ते वीस हजार. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या, वक्र पॅनलचा सत्तावीस किंवा बत्तीस इंची १४४०पी: सतरा-अठरा हजारांपासून पुढे. आणि सत्तावीस इंची ४के, पण ६० हर्ट्झचा: वीसच्या थोडा वर. भाव सेलप्रमाणे खालीवर होतात, दसरा-दिवाळीत तर बरेच, त्यामुळे आकडे अंदाजाचे धरा.

पाचवा एक प्रकार आहे, सत्तावीस इंची १०८०पी. मोठा दिसतो, स्वस्त असतो, म्हणून दुकानदार तो हमखास पुढे करतो. तो मी घेऊ नका म्हणेन. चोवीस इंची १०८०पी पडद्यावर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात. तेच पिक्सेल सत्तावीस इंचांवर ताणले की ८२च्या आसपास उरतात. खेळताना हे एक वेळ चालून जाईल. पण त्याच पडद्यावर मराठी वाचायला बसा. लहान अक्षरांत 'प' आणि 'ष' यांतली तिरकी रेघ पुसट होते, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, 'क्ष' नुसता काळा ठिपका वाटायला लागतो. रोमन लिपीत ओळीच्या वर फारसं काही नसतं, तिला हा पडदा पुरतो. देवनागरीचा अर्धा अर्थ शिरोरेषेच्या वर-खाली असतो, तिला पिक्सेल जास्त लागतात. १४४०पीच्या सत्तावीस इंची पडद्यावर इंचाला १०९ पिक्सेल येतात आणि ही तक्रार बहुतेक संपते. ४केवर तर १६३ येतात, छापील पानाच्या जवळ जाणारा मजकूर दिसतो. पीसीवर अभ्यास किंवा ऑफिसचं कामही होणार असेल तर हा मुद्दा खेळाइतकाच वजनदार आहे.

बत्तीस इंची १४४०पीचं गणितही याच हिशेबात पाहून घ्या: इंचाला ९२ पिक्सेल, म्हणजे घनता चोवीस इंची १०८०पीएवढीच. पडदा मोठा मिळतो, बारकाई तेवढीच राहते.

पोर्टचा मामला

एचडीएमआय १.४, २.० आणि २.१ या तीन आवृत्त्यांमधला फरक त्यांच्यातून किती डेटा जातो याचा आहे: सेकंदाला १०.२, १८ आणि ४८ गिगाबिट. व्यवहारात याचा अर्थ असा. १.४ मधून १०८०पी चित्र १२० हर्ट्झला जाऊ शकतं, पण १४४०पी मागितलं की ते ६०-७५ वर अडतं. २.० मधून १४४०पी १२० हर्ट्झला आरामात जातं, अगदी १४४ पर्यंतही, पण ४के मात्र ६० वरच. ४के १२० हर्ट्झला हवं तर पूर्ण क्षमतेचं २.१ लागतं आणि तसे मॉनिटर वीस हजारांत सहसा मिळत नाहीत.

थोडक्यात, आपल्या बजेटमध्ये कन्सोलसाठी कामाचा आकडा एकच आहे: १४४०पी, १२० हर्ट्झ, एचडीएमआयवरून. हे जमतं का, एवढं बघायचं.

ते कुठे बघायचं, तर खोक्यावर नाही. खोक्यावर '१८० हर्ट्झ' ठळक छापलेलं असतं, पण तो आकडा बहुतेक वेळा डिस्प्लेपोर्ट या पीसीच्या दुसऱ्या जोडणीवरचा असतो, आणि कन्सोलला डिस्प्लेपोर्ट नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचं मॅन्युअल उतरवून घ्या. शेवटच्या पानांवर रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (म्हणजे हर्ट्झ) यांचा तक्ता असतो, बहुतेकदा एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टचा वेगवेगळा. एचडीएमआयच्या तक्त्यात २५६० × १४४० या आकड्यासमोर १२० किंवा १४४ दिसलं तर काम झालं. तिथे फक्त ६० किंवा ७५ असेल, तर तो मॉनिटर पीसीसाठी कितीही चांगला असला तरी कन्सोलच्या निम्म्या गतीवर पाणी सोडावं लागेल. पाच मिनिटांचं काम आहे, आणि यात जेवढे पैसे वाचतात तेवढे कुठल्याही सेलमध्ये वाचत नाहीत.

'एचडीएमआय २.१' एवढं लिहिलेलं असलं तरी भुलू नका. २.० हे नाव आता स्वतंत्र उरलेलं नाही, नवं उपकरण २.१ म्हणून विकता येतं आणि २.१ची खास वैशिष्ट्यं देणं ऐच्छिक आहे, हे एचडीएमआयचा परवाना देणाऱ्या संस्थेने २०२१च्या अखेरीस स्पष्ट केलं. त्यामुळे २.१चा छाप असलेल्या पोर्टमध्ये क्षमता १८ गिगाबिटचीच, असं होऊ शकतं. वाईट त्यात काही नाही, आपलं काम तेवढ्यात भागतं. फक्त त्या छापासाठी दोन हजार जास्त मोजू नका.

आता कन्सोलनिहाय.

पीएस ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा त्याला १४४०पी येतच नव्हतं. एक तर १०८०पी, नाही तर ४के. सप्टेंबर २०२२च्या अपडेटने १४४०पी आलं. म्हणून त्याआधीचे लेख आणि व्हिडिओ बघून 'पीएस ५ला १४४०पी मॉनिटर घेऊ नये' असा सल्ला कोणी देत असेल, तर तो शिळा झालाय. सेटिंगमध्ये स्क्रीन आणि व्हिडिओच्या भागात १४४०पी तपासून बघायची सोयही आहे.

एक्सबॉक्स सिरीज एसची रचनाच १४४०पी डोळ्यांसमोर ठेवून केलेली. १४४०पी १२० हर्ट्झला तो मॉनिटरशी मुकाट जुळवून घेतो. बजेट मॉनिटरचा खरा सोबती मला तोच वाटतो. कारण पुढे व्हीआरआरच्या भागात येईल.

पीएस ४ आणि पीएस ४ स्लिम १०८०पीच्या पुढे जात नाहीत, आणि पहिला निन्टेन्डो स्विचही डॉकमधून १०८०पी ६० हर्ट्झच देतो. यांचं चित्र १४४०पी पडद्यावर दीडपटीपेक्षा थोडं कमी, १.३३ पट ताणलं जातं. एका पिक्सेलचे सव्वा-दीड पिक्सेल होऊ शकत नाहीत, मग मॉनिटर मधले रंग पसरवतो आणि कडा मऊ पडतात. तुमच्याकडे जुना पीएस ४च असेल आणि पुढच्या दोन वर्षांत बदलायचा विचार नसेल, तर चोवीस इंची १०८०पीवर त्याचं चित्र जास्त रेखीव दिसेल, शिवाय पैसेही वाचतील. जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ मात्र डॉकमधून १४४०पी १२० हर्ट्झला देऊ शकतो.

कन्सोलला १२० हर्ट्झ लागतंच कशाला?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. बहुतेक कन्सोल गेम सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमवर, म्हणजे तेवढ्या चित्रांवर, चालतात. मग ६० हर्ट्झचा ४के मॉनिटर का नको?

पहिलं कारण म्हणजे फोर्टनाइट, कॉल ऑफ ड्यूटी वॉरझोन असे १२० फ्रेमचा मोड असलेले गेम. व्हॅलोरंटही २०२४ मध्ये कन्सोलवर आला. ६० हर्ट्झला एक फ्रेम पडद्यावर १६.७ मिलिसेकंद राहते, १२० ला ८.३. नेमबाजीच्या खेळात हा फरक हाताला कळतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे ४० फ्रेमचा मोड. रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्टला २०२१ मध्ये हा मोड मिळाला आणि मग इतरही काही गेमनी तो घेतला. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ४० फ्रेम समान वाटून देता येत नाहीत. काही फ्रेम एकदा दाखवाव्या लागतात, काही दोनदा, आणि चित्र अडखळतं. १२० हर्ट्झला मात्र प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा दाखवली की झालं. ऐकायला ४० म्हणजे ३० पेक्षा थोडंसंच जास्त वाटतं. पण वेळेत मोजा: ३० फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद, ६० ला १६.७, आणि ४० ला २५. म्हणजे बरोबर मधोमध. ग्राफिक्सचा थाट जवळपास पूर्ण ठेवून खेळ हाताला हलका लागतो. ६० हर्ट्झच्या ४के मॉनिटरवर हा मोड निवडताच येत नाही.

त्यामुळे ४के ६० हर्ट्झचा मॉनिटर फक्त त्याच्यासाठी, ज्याचा पीसी मुख्यतः कामासाठी आहे, जो दिवसभर मजकूर, फोटो किंवा कोड बघतो आणि रात्री पीएस ५वर निवांत कथाप्रधान गेम खेळतो. त्याला मी तोच घ्यायला सांगेन. पीसीवरही गेम खेळायचे असतील तर नको.

पीसीतलं कार्ड काय म्हणतं

१०८०पीमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीमध्ये ३६.९ लाख, ४केमध्ये ८२.९ लाख. १०८०पीवरून १४४०पीवर गेलं की कार्डावर पावणेदोनपटीहून जास्त पिक्सेल रंगवायचं काम येतं.

जीटीएक्स १६५० किंवा तत्सम जुनं कार्ड असेल तर १४४०पीचा हट्ट धरू नका. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे गेम सेटिंग खाली आणून त्यावर १०८०पीला छान पळतात. नवे भारी गेम १४४०पीला रडत चालतील. आरएक्स ६६०० हा उंबरठा. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ७६०० असेल तर १४४०पी निर्धास्त घ्या, थोडं सेटिंग कमीजास्त करून आणि डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी पिक्सेलचं चित्र बनवून ते मोठं करणारी तंत्रं) लावून बहुतेक गेम नीट चालतात. १४४०पीवर डीएलएसएसचा क्वालिटी मोड लावला की कार्ड आतून ९६०पी चित्र बनवतं आणि मग ते वाढवतं. म्हणजे कष्ट १०८०पीपेक्षाही कमी, आणि दिसणारं चित्र साध्या १०८०पीहून सरस. या एका सोयीमुळे मध्यम कार्डवाल्यांसाठी १४४०पी आवाक्यात आलं.

कार्ड वर्षा-दोन वर्षांत बदलणार असाल तर मॉनिटर पुढचा विचार करून घ्या. मॉनिटर सात-आठ वर्षं सहज टिकतो. कार्ड तेवढं टिकवून ठेवणारे थोडे.

आयपीएस की व्हीए

टीएन हे तिसऱ्या प्रकारचं पॅनल आता या किमतीत घ्यायचं कारण उरलं नाही, ते सोडून देऊ.

आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१, व्हीएचा ३०००:१. आकडा बघितला तर व्हीए जिंकतं, आणि रात्री ट्यूबलाइट बंद करून गुहेतला किंवा अंतराळातला गेम लावला तर खरोखरच जिंकतं. आयपीएसवर काळा रंग राखाडी वाटतो, कोपऱ्यात फिकट झळाळी दिसते. पण दिवसा, खिडकीतून उजेड येणाऱ्या खोलीत, हा फरक जवळजवळ विरून जातो. आपल्याकडे कित्येक घरांत मॉनिटरचं टेबल हॉलमध्येच, खिडकीसमोर किंवा डोक्यावर ट्यूब असताना मांडलेलं असतं. तिथे व्हीएचा मोठेपणा कागदावरच राहतो.

व्हीएची दुखरी जागा म्हणजे गडद रंगांमधली हालचाल. एका काळसर छटेवरून दुसऱ्या काळसर छटेवर जायला त्याच्या पिक्सेलला वेळ लागतो. अंधाऱ्या गल्लीत कॅमेरा झटकन फिरवला की भिंतींच्या कडांमागे काळी सावली घासत गेल्यासारखी दिसते. महागड्या व्हीएमध्ये हे कमी असतं, बजेटमधल्यांत ठळक. एकदा डोळ्यांत भरलं की मग दिसतच राहतं. रेसिंग, क्रिकेट, फुटबॉल खेळणाऱ्याला बहुधा त्रास होणार नाही. अंधाऱ्या नकाशांवर नेमबाजी करणाऱ्याला होईल.

वक्राकाराचंही बघा. सॅमसंगचा पहिल्या पिढीचा बत्तीस इंची ओडिसी जी५ या वर्गातला ठळक नमुना: व्हीए, १४४०पी, १४४ हर्ट्झ, आणि वक्रता १०००आर, म्हणजे एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. मधोमध एकट्याने बसून खेळायला तो घेरून टाकतो, मजा येते. पण सुट्टीत मित्र आले, दोघांनी कंट्रोलर घेतले आणि तिसरा खुर्चीच्या हातावर टेकला, की कडेच्या माणसाला चित्र तिरकं आणि फिकट दिसतं. व्हीएचे रंग बाजूने बघताना आयपीएसपेक्षा लवकर उतरतात. कन्सोल हे मुळात दोघा-चौघांनी मिळून खेळायचं यंत्र आहे. म्हणून पीसीपुरता मला व्हीए चालेल, दोन्हींसाठी आयपीएसच.

खोक्यावरचा '१ एमएस', म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला एक मिलिसेकंद, हा आकडा विसरून जा. तो बहुतेकदा ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलला लवकर बदलायला भाग पाडणारं सेटिंग) टोकाला नेऊन किंवा बॅकलाइट लुकलुकवून मोजलेला असतो. तसंच एचडीआर, म्हणजे चित्रातला उजेड-काळोखाचा पल्ला वाढवणारं तंत्र. 'एचडीआर १०' लिहिलंय याचा अर्थ मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो, एवढाच. डिस्प्लेएचडीआर ४०० या प्रमाणपत्रालाही पडद्याचे भाग स्वतंत्रपणे उजळ-मंद करण्याची अट नाही. या किमतीत एचडीआरसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

व्हीआरआर: इथे एक्सबॉक्स आणि पीएस ५ यांच्या वाटा वेगळ्या होतात

गेमच्या फ्रेम कमीजास्त होतात तेव्हा मॉनिटरनेही आपला वेग त्याप्रमाणे बदलायचा, म्हणजे चित्र मधोमध फाटत नाही, अडखळत नाही. याला व्हीआरआर म्हणतात. पीसीवर हे सोपं झालंय. एएमडीचं फ्रीसिंक आहेच, आणि जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियानेही फ्रीसिंक मॉनिटरना दार उघडलं. जीटीएक्स १० मालिकेपासून पुढचं कार्ड डिस्प्लेपोर्टने जोडलं की काम होतं. मॉनिटरची व्हीआरआरची पट्टी, उदाहरणार्थ ४८ ते १८० हर्ट्झ, तेवढी बघून घ्या. वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून बराच जास्त असला की ४८च्या खाली घसरलेल्या फ्रेम दोनदा दाखवून वेळ सांभाळता येतो. ४८ ते ७५ अशी तोकडी पट्टी असेल तर ते जमत नाही.

एक्सबॉक्स सिरीज एस आणि एक्स यांना एचडीएमआयवरचं फ्रीसिंक समजतं. म्हणजे पंधरा हजारांचा साधा फ्रीसिंक मॉनिटरही एक्सबॉक्सबरोबर व्हीआरआर चालवतो. पीएस ५ला फ्रीसिंक कळत नाही. त्याला एप्रिल २०२२ मध्ये व्हीआरआर मिळालं ते एचडीएमआय २.१चं, आणि १४४०पीसाठी तर मार्च २०२३ मध्ये. मॉनिटरच्या एचडीएमआय पोर्टला ते २.१चं व्हीआरआर येत नसेल, तर पीएस ५वर तुम्हाला व्हीआरआर मिळणार नाही, मग खोक्यावर फ्रीसिंकचा शिक्का कितीही मोठा असो.

पीएस ५वाल्याने यासाठी बजेट ताणावं का? मला तसं वाटत नाही. १४४०पीला १२० हर्ट्झ मिळतंय तोवर व्हीआरआरशिवाय बहुतेक गेम उत्तम चालतात, कारण ते ६० किंवा ४० वर स्थिर राहतील असेच बांधलेले असतात. चार-पाच हजार जास्त घालण्यापेक्षा त्यात एक गेम येतो.

ओव्हरड्राइव्हची एक गोष्ट इथेच सांगतो. स्वस्त मॉनिटरमध्ये ओव्हरड्राइव्ह १६५-१८० हर्ट्झला जुळवलेलं असतं. तेच सेटिंग ६० फ्रेमच्या कन्सोल गेमला लागलं की हलणाऱ्या वस्तूंच्या मागे उजळ कडा उमटतात. कन्सोल लावताना मेनूत ते एक पायरी खाली आणा. ज्या मॉनिटरमध्ये प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं लक्षात राहतं, त्यात हे रोज करावं लागत नाही.

आवाज, जोडण्या, स्टँड

मॉनिटर घेताना आवाजाचा विचार कोणी करत नाही आणि घरी आल्यावर पंचाईत होते. गेमिंग मॉनिटरमध्ये बहुधा स्पीकर नसतात. पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एस यांच्या मागे हेडफोनचं भोक नाही, ऑप्टिकल आउटही नाही. आवाज एचडीएमआयमधूनच बाहेर येतो. मग मॉनिटरला ३.५ मिमीचा ऑडिओ आउट असला तर तिथे साधे कॉम्प्युटर स्पीकर लावता येतात, नाही तर कंट्रोलरला हेडफोन जोडून खेळावं लागतं. तो जॅक असलाच पाहिजे असं मी म्हणेन. स्पीकर मॉनिटरला लावले की विंडोजमध्येही आवाजासाठी मॉनिटरच निवडा. मग पीसी आणि कन्सोल दोन्हींचा आवाज त्याच स्पीकरमधून येतो, वायरी काढा-घाला करावं लागत नाही.

पीसी डिस्प्लेपोर्टवर, कन्सोल एचडीएमआयवर, ही मांडणी सगळ्यात सुटसुटीत. अनेक चोवीस इंची मॉनिटरना एचडीएमआय एकच असतं. पीएस ५ आणि स्विच दोन्ही असतील तर दोन एचडीएमआय असलेलाच बघा. दोन लॅपटॉप किंवा लॅपटॉप आणि पीसी असं काम असेल तर कीबोर्ड-माउस वाटून देणारा केव्हीएम असलेले मॉनिटरही मिळतात. गिगाबाइटचा एम२७क्यू त्यासाठीच गाजला, पण त्याच्या मूळ आवृत्तीत पिक्सेलमधल्या रंगांचा क्रम उलटा होता आणि मजकुराच्या कडांना रंगीत झालर दिसायची. जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर हे तपासा.

स्टँड बहुतेक बजेट मॉनिटरना फक्त पुढे-मागे झुकणारा असतो. उंची कमीजास्त होत नाही. खाली जाड पुस्तकं ठेवून भागतं, किंवा पुढे कधी भिंतीचा वा टेबलाचा आर्म घेता येतो. त्यासाठी मागे आर्म बसवायची, व्हेसा मापाची चार भोकं असल्याची खात्री करा.

आणि टीव्ही?

२२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे त्रेचाळीस इंची ४के टीव्ही पुन्हा मोहात पाडतो. पलंगावर किंवा सोफ्यावर बसून फक्त कन्सोल खेळणार असाल, तर जरूर टीव्ही घ्या आणि त्यातला गेम मोड चालू ठेवा. दोन फूट खोलीच्या टेबलावर पीसीसाठी मात्र त्रेचाळीस इंच म्हणजे मान दुखवून घेणं आहे, आणि या किमतीतले टीव्ही ६० हर्ट्झचेच.

तर मग कोणी काय घ्यावं

आरटीएक्स ४०६०च्या आसपासचं कार्ड आणि पीएस ५ किंवा सिरीज एस: सत्तावीस इंची १४४०पी आयपीएस, एचडीएमआयवर १४४०पी १२० हर्ट्झ देणारा. १६५ आणि १८० यांत हजाराचा फरक असेल तर १६५चा घ्या आणि वाचलेल्या हजारात स्पीकर.

जुनं कार्ड, पीएस ४, किंवा दिवसरात्र व्हॅलोरंट आणि दुसरं काही नाही: चोवीस इंची १०८०पी १८० हर्ट्झ. यात कमीपणा अजिबात नाही. स्पर्धेत खेळणारे अजूनही याच आकाराचा पडदा पसंत करतात, कारण मान न हलवता सगळा नकाशा नजरेत राहतो.

कॉलेजसाठी गाव सोडून खोलीवर राहणाऱ्या मुलालाही मी चोवीस इंचीच सुचवेन. टेबल लहान असतं, आणि खोली बदलताना तो खोक्यासह एसटीत नेता येतो.

घेताना आणि घेतल्यावर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात घेत असाल तर मॉनिटर तिथेच सुरू करून बघायचा आग्रह धरा. पडदा पूर्ण पांढरा, मग लाल, हिरवा, निळा आणि काळा करून अडलेला पिक्सेल शोधा. किती पिक्सेल खराब असले म्हणजे मॉनिटर बदलून मिळतो, हा नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो; घेण्याआधी विचारा. ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपायच्या आत हीच तपासणी रात्री, दिवे बंद करून करा. तालुक्याच्या गावी राहत असाल तर वॉरंटी किती वर्षांची यापेक्षा माणूस घरी येऊन बघतो का, तुमच्या पिनकोडवर सेवा आहे का, हे आधी कंपनीला फोन करून विचारा. सर्व्हिस सेंटर दीडशे किलोमीटरवर असेल तर तीन वर्षांची वॉरंटीही दूरचीच.

जोडून झालं की विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन रिफ्रेश रेट स्वतः वाढवा. तो कित्येकदा ६० वरच राहतो आणि १६५चा मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वर चालतो. पीएस ५वर १४४०पीची चाचणी घेऊन रिझोल्यूशन १४४०पीवर ठेवा, १२० हर्ट्झ आउटपुट ऑटोमॅटिक करा, आणि प्रीसेटमध्ये परफॉर्मन्स मोड निवडा. एक्सबॉक्सवर टीव्ही आणि डिस्प्लेच्या पर्यायांत १४४०पी, १२० हर्ट्झ आणि व्हेरिएबल रिफ्रेश रेट, तिन्ही चालू करा. एचडीआर दोन्हीकडे एकदा लावून बघा. चित्र फिकट, धुतल्यासारखं दिसलं तर बंद ठेवा.